दस्तीचं दुसरं टोक

अण्णा,

आपल्या लिंगायतांत माणसाला आडवं करून पाठवत नाहीत, बसवून पाठवतात. तुलाही बसवलं. मांडी घातलेली, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार. तुझी पाठ इतकी ताठ होती की तुझे विद्यार्थी एकमेकांना सांगत होते, "बघ, सरांनी शेवटपर्यंत पाठीला पोक येऊ दिला नाही." मी जरा बाजूला बसले होते. तुझ्या पाठीमागून भिंतीतल्या खिळ्याला बांधलेली पट्टी मला तिथून दिसत होती. पण तुझ्याबद्दलचं खरं चारचौघांत न बोलायची सवय मला फार जुनी आहे, आणि ती तूच लावलीस.

स्वामींनी तुझ्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. रीतच ती. मी मात्र त्या हाताकडेच बघत राहिले. बाईचा उजवा हात गड्याच्या डाव्या हातात, हा तुझा पहिला धडा. नाच सुरू करायचा असला की तू तोंडानं काही म्हणायचा नाहीस, नुसता डावा हात पुढे करायचास, तळवा वर. तसाच तो मांडीवर ठेवलेला होता. शेजारची बाई म्हणाली, "किती शांत दिसायलेत सर." मी मनात म्हटलं, दिसणारच. गप्प बसायचा त्यांना जन्माचा सराव आहे.

त्याला आता पंधरवडा झाला. पेपरात तुझ्यावर लेख आला, फोटोसकट. मराठवाड्याला जोडीनं नाचायला शिकवणारा माणूस गेला, असं वर मोठ्या अक्षरात. त्यात तुझा क्लास आहे, तुझे सत्कार आहेत, तुझी ती प्रसिद्ध दस्ती, तो पांढरा हातरुमाल, तोही आहे. मी, तुझी सख्खी बहीण, कुठेच नाही. त्याचं मला वाईट वाटत असतं तर जळकोटला एवढी वर्षं संसार झाला नसता माझ्याच्यानं. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं, आणि ती तुला ठाऊक आहे. तुझ्यामाझ्यात सगळ्या आयुष्यात एकच भांडण झालं, आणि ते अर्धवट टाकून तू उठून गेलास. म्हणून लिहायला बसले आहे. तुला मध्ये बोलता येणार नाही, एवढाच काय तो यात फायदा.

आधी चांगलं ते लिहिते, नाहीतर म्हणशील की शकी जन्मभर कडूच बोलली.

अप्पांनी तुला मामाच्या कापडदुकानात सिकंदराबादला धाडलं ते धंदा शिकायला. तू परत आलास तेव्हा तुला पॉपलीन आणि मांजरपाट यातला फरक सांगता येत नव्हता, पण ट्रंकेत एक रेकॉर्ड प्लेअर होता आणि इंग्रजी बँडच्या रेकॉर्डी होत्या. रेल्वेवाल्यांच्या क्लबात पडद्याचं कापड पोचवायला गेलास आणि तिथेच अडकलास. मेरीबाई म्हणून कुणी गार्डाची विधवा तिथे स्विंग नावाचा जोडीचा विलायती नाच शिकवायची. "शके, काय सांगू तुला," उदगीरच्या आपल्या अडतीच्या मागच्या कोठारात उभा राहून तू मला सांगत होतास, "दोघंबी जरा जरा मागं झुकलेले आसतेत. एकमेकाच्या ओढीवर उभे. आन् कुणीच पडत न्हाई."

मी म्हटलं, "मग ही फुगडीच की रे."

केवढा चिडलास! "फुगडी म्हनं! येडे, हे स्विंग हाय." आणि पुढे नांदेडला तूच भाषणात सांगायला लागलास की स्विंग म्हणजे आपली फुगडीच. असू दे. तेवढं मी तुला माफ केलंय.

त्या कोठारात तुरीच्या फोलपटानं फरशी अशी गुळगुळीत झालेली असायची की पाय आपोआप घसरायचा. आई दारात तूर निवडत बसायची आणि अप्पांची चाहूल लागली की खाकरायची. तू मला फिरवून सोडून द्यायचास आणि मी भिंतीवर, पोत्यांवर, एकदा तर तागडीवर जाऊन आदळायचे. मग एका दुपारी मी फिरले आणि नेमकी तुझ्यासमोर येऊन थांबले. माझा हात कुठे येणार हे तुझ्या हाताला आधीच कळलं होतं. मी इतकी मोठ्यानं हसले की आई खाकरायचं विसरून आत आली. त्या दुपारी मला जे मिळालं ते पुढे मला कुणी दिलं नाही. नवऱ्यानं नाही, मुलांनी नाही, देवानंही नाही. ते तुझं देणं आहे आणि ते मी नाकारणार नाही.

मग लातूर जिल्हा झाला. गावभर पेढे वाटले, रिकाम्या इमारतींवर कचेऱ्यांच्या पाट्या चढल्या, आणि अप्पांनीही उदगीरची अडत काकांकडे सोडून लातूरच्या मार्केट यार्डात गाळा घेतला. बाहेरगावचे साहेबलोक आले, त्यांच्या बायका आल्या. त्यांना संध्याकाळी करायला काही नव्हतं, आणि तुझ्या ट्रंकेत रेकॉर्डी पडून होत्या. साहेबलोकांच्या क्लबात तुझा क्लास सुरू झाला. शिकवणारा पुरुष, शिकणाऱ्या बायका, बभ्रा होणारच. म्हणून तू मला बरोबर नेलंस. सख्खी बहीण जोडीला आहे म्हटल्यावर कुणाला बोलायला जागा राहणार नाही, हा तुझा हिशोब. अप्पांनी फक्त विचारलं, "पोरीचं लगीन व्हायचंय, ध्यानात हाय का?" तू म्हणालास, "हाव, हाय की. म्या हाव ना."

पहिल्या संध्याकाळचा तो फजितवाडा आठवतो? साहेब आणि त्यांच्या बायका समोरासमोर उभे, आणि सगळ्यांचे हात पाठीमागे. लग्नाची माणसं, पण चारचौघांत एकमेकांचा हात धरायला कुणी तयार नाही. तू रेकॉर्ड लावलीस, पुन्हा लावलीस, घाम पुसायला खिशातून दस्ती काढलीस. मी ती तुझ्या हातातून घेतली, एक टोक तुझ्या हातात दिलं आणि दुसरं मी धरलं. "धर आन् ओढ," म्हटलं. आईबरोबर मी वाकळा-गोधड्या पिळत आले होते. वाकळ धुतली की दोन बायका दोन टोकं धरतात, आणि समोरचीनं किती जोर लावला, कधी सैल सोडणार, हे न बघता हाताला कळतं. दस्तीतूनही तसंच कळलं. सगळ्या साहेबांनी खिशांतून दस्त्या काढल्या. त्या दिवसापासून लातूरला नाच हातात हात घालून झाला नाही, दस्तीची दोन टोकं धरून झाला. पेपरवाल्यांनी तिला तुझी दस्ती म्हटलंय. दस्ती तुझीच होती म्हणा. घाम पुसायला काढलेली.

तिथे एकदा अहमदपूरचे ते आले होते. माझं त्यांच्याशी ठरलं होतं, कुंकू लागलं होतं. शाळेत मास्तर. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरात आता नातवंडं असतील. दाराशी उभे राहून बघत होते. निघताना मला म्हणाले, "एवढं फिरता, चक्कर न्हाई येत?" मी म्हटलं, "समोरच्याकडं बघितलं की न्हाई येत." ते हसले. आमच्यात बोलणं झालं ते एवढंच. पण मी ते जपून ठेवलं आहे.

आणि मग तो दुष्काळ.

मी तुला काही नवीन सांगत नाही, तरी लिहिते, कारण ही गोष्ट तू आजवर एकदाही नीट सांगितली नाहीस. विहिरी तळाला गेल्या होत्या. देवणीकडची माणसं दावणीची जनावरं मिळेल त्या भावाला सोडत होती, आणि घेणाऱ्याकडेही चारा नव्हता. आपल्या गल्लीत टँकर आला की बायकांच्या घागरी फुटायच्या, डोकी फुटायची. अशात तू घरी येऊन म्हणालास की चारा छावणीच्या मदतीला मार्केट यार्डात नाचाचा कार्यक्रम करायचा.

मी नको म्हटलं होतं. भाकरी थापत होते, तू चुलीपाशी पाट ओढून बसला होतास. मी म्हटलं, "अण्णा, यंदा नगं. लोक चिडतील. पाऊस पडू दे, मग हजारदा नाचू." आणि तू म्हणालास, "आगं, जनावरासाठीच तर करायलोय. तुला काय कळतंय?" मला काय कळतंय! सगळं कळत होतं. पण तू हात पुढे केलास की माझा हात जायचाच. तेवढी एकच गोष्ट मला जन्मात नीट शिकवलेली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी यार्डात आले तेव्हा लिलावाचं अख्खं पटांगण ओलं होतं. नुसता सडा नाही, ओलं. टाचेखाली जमीन दबत होती. धूळ उडून पुढच्या रांगेतल्या साहेबांच्या बायकांच्या साड्या खराब होतील म्हणून ओळखीच्या टँकरवाल्याला गाठून, वस्तीकडे निघालेला टँकर तू तिथे रिकामा करवलास. तुला वाटलं होतं, किती चोख व्यवस्था केली! गिरकीला धूळ नको, एवढंच तुझ्या डोक्यात. नाच म्हटला की तुला जगात दुसरं काही दिसायचं नाही. हा तुझा गुण म्हणून तुझे विद्यार्थी सांगतात. मी तो गुण टाचेखाली घेऊन उभी होते.

कुंपणाच्या तारेपलीकडे बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या. रेकॉर्ड लागली, आपण नाचायला लागलो, आणि मला त्यांच्याकडे न बघता तुझ्याकडे बघायचं होतं, नाहीतर चक्कर आली असती. एक म्हातारी तारेखालून आत आली, खाली बसली, आणि ती ओली माती दोन्ही हातांनी उकरून घागरीत भरायला लागली. मग मात्र ओरडा झाला. "जनावरं मरायलीत आन् ह्ये पाणी सांडून नाचायलेत!" खुर्च्या उडाल्या, साहेबलोक जीपमध्ये बसले. तुझा रेकॉर्ड प्लेअर कुणीतरी चिखलात आपटला. तू तो उचलायला धावलास. मी एकटीच मध्ये उभी राहिले, दस्तीचं एक टोक धरून. दुसरं जमिनीवर पडलं होतं.

आपल्या समाजाच्या मठात बैठक बसली. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे. अप्पा मान खाली घालून. थोरांपैकी कुणीतरी विचारलं, "टँकर कुणी वतायला सांगिटला?" साधा प्रश्न. तुझा आवाज मला मागून ऐकू आला. तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. ताठ.

"बहिणीचा हट्ट होता. धूळ उडती म्हनली. लाडाची हाय, मोडवलं न्हाई."

आई माझ्या शेजारी होती. तिनं माझा हात दाबून धरला, मी उठू नये म्हणून. मी उठणारच नव्हते. तू आता मागे वळून बघशील आणि म्हणशील, न्हाई न्हाई, म्याच सांगितलं, अशी मी वाट बघत होते. गिरकी घेतली की समोर येतोस तसा येशील असं वाटलं होतं. बैठक उठली. पोरीची जात, लहान आहे, म्हणून समज दिली. तुला तर शाबासकीच, बहिणीवर केवढी माया!

घरी आल्यावर मी विचारलं. तू कपाळावरचा घाम पुसत म्हणालास, "शके, तू आज ना उद्या लगीन करून जाशील. मला हितंच ऱ्हायचंय. हितंच दुकान, हितंच क्लास. पोरीचं लोक इसरून जातेत."

लोक विसरले नाहीत, अण्णा. अहमदपूरहून त्यांच्या आईचा निरोप आला, ज्या पोरीला पाण्याची किंमत नाही ती आमच्या घरात नको. बाई योग्यच बोलली. मी त्या घरातली सासू असते तर मीही तेच म्हटलं असतं. मग जळकोटचं स्थळ आलं. बिजवर, किराणा दुकान, आधीचं एक मूल. माणूस वाईट नव्हता. पण सासूनं पहिल्याच दिवशी पाण्याची घागर माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हिला पाण्यालाच लावा, किंमत कळंल." दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो माझा कधी संपलाच नाही. घागर जरा डुचमळली की घरातलं शेंबडं पोरसुद्धा म्हणायचं, लातूरची सांडणारी आली.

आणि तू? हितंच ऱ्हायचंय म्हणणारा तू, वर्षा-दोन वर्षांत लातूर सोडून नांदेडला गेलास! मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर ह्याचा. ज्याच्यासाठी माझं नाव विकलंस ते दुकानही तू ठेवलं नाहीस, तो क्लासही नाही. नांदेडला नवा क्लास, नव्या जोडीदारणी, कॉलेजच्या पोरापोरींच्या रांगा. प्रत्येकाला तू म्हणे पहिल्या दिवशी एक पांढरी दस्ती द्यायचास आणि सांगायचास, "ताण ठेवा. टोक सैल पडलं की समोरचा एकटा पडला." हे वाक्य मला तुझ्या एका विद्यार्थिनीनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मी तिला पाणी प्यायला दिलं.

माझ्या घरात कधी रेकॉर्ड वाजली नाही. पण दुकानात कुणी नसलं की पाय आपोआप चालायचे, काउंटरच्या मागे, गुळाच्या ढेपांमधून. आमच्या मालकांनी एकदा पाहिलं. त्यांनी नुसतं शटर अर्धं खाली ओढलं. त्या माणसाला नाचातलं काडीचं कळत नव्हतं, पण त्या दिवशी मला वाटलं, हा मला शोभेसा जोडीदार होता, मीच उशिरा बघितलं.

अप्पा गेले तेव्हा मी तुला विचारलं होतं. "अण्णा, एकदा मठात जाऊन खरं सांग. आता अप्पांनाबी लाज वाटायची न्हाई." तू म्हणालास, "जुनं उकरून काय मिळतंय?" माती मिळते. त्या म्हातारीला मिळाली तशी. मलाही ती ओली माती तरी मिळाली असती.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तू फोन केलास. टीव्हीवर बघून तुला माझी आठवण झाली असणार. "शके, पाणी हाय का गं तिकडं?" मी म्हटलं, "हाय. म्या सांडत न्हाई." मला तुझा श्वास ऐकू येत होता. मी फोन ठेवला नाही, कारण आता येईल, आता येईल असं वाटत होतं. मग तूच म्हणालास, "बरं, ठेवतो," आणि ठेवलास.

शेवटी दवाखान्यात. महेशनं फोन करून बोलावलं, "आत्या, पप्पा तुझं नाव घ्यायलेत." मी नांदेडला येईपर्यंत एसटीत बसल्या बसल्या शंभर वाक्यं तयार केली होती. तू एवढासा झाला होतास. वहिनी औषधं आणायला खाली गेली आणि आपण दोघंच राहिलो. तू डावा हात पुढे केलास, तळवा वर. आणि बघ माझी दशा, तयार केलेलं एक वाक्य आठवलं नाही, माझा हात गेला. तू ओढलंस, मी ओढलं. तू सैल सोडलंस, मी सोडलं. कॉटवरचा माणूस आणि स्टुलावरची म्हातारी, दोघं हातानंच नाचत होतो. बोटं काडीसारखी, पण ओढ तीच. मला रडू आलं. तुझे ओठ हलले. मी कान जवळ नेला. जन्मभर वाट पाहिली ते आता येतंय, असं वाटलं.

तू म्हणालास, "तुझं वजन मागं ऱ्हायलंय."

चूक काढलीस! मरता मरता माझ्या नाचातली चूक काढलीस. मी हसले का रडले ते मलाच कळलं नाही. तेवढ्यात वहिनी आली आणि तू डोळे मिटलेस.

आता परवाच्या शोकसभेचं सांगते, तू नव्हतास म्हणून. हॉल भरला होता. प्रत्येकाच्या हातात पांढरी दस्ती. तुझा महेश बोलायला उभा राहिला. छान बोलतो, तुझ्यासारखा. म्हणाला, "पप्पांची एक गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दुष्काळ होता, कार्यक्रम होता, आणि आमच्या आत्यानं हट्ट धरला की धुळीत नाचणार नाही. तर पप्पांनी लाडक्या बहिणीसाठी अख्खा टँकर ओतला!" लोक हसले, आणि हसता हसता रडले. किती माया, किती माया, असं माझ्या आजूबाजूला चाललं होतं.

म्हणजे मठात एकदा तोंडातून गेलं आणि मागे घेता आलं नाही, असंही नव्हतं. तू ती गोष्ट घरी नेलीस. पोरांना मांडीवर घेऊन सांगितलीस. माझ्या कपाळावरचा डाग तुझ्या घरात कौतुकाची गोष्ट झाला होता आणि मला पत्ता नव्हता.

मग मलाच बोलावलं, "आत्या, दोन शब्द." मी माईकपाशी गेले आणि म्हटलं, "ते पाणी मी मागितलं नव्हतं." पुढचं वाक्य जुळवत होते तेवढ्यात महेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आत्याला भरून आलंय," तो लोकांना म्हणाला आणि मला हाताला धरून अगदी अदबीनं खाली आणलं. सगळ्यांनी माना हलवल्या. एका पोरीनं मला डोळे पुसायला दस्ती दिली.

काल दुपारी वहिनीनं तुझी वाकळ धुवायला काढली, दवाखान्यात नेलेली. ती काही नाचणारी बाई नव्हे. तुझ्या क्लासात तिनं कधी पाऊल टाकलं नाही हे मला ठाऊक आहे. भिजलेली वाकळ एकटीला उचलेना. मी अंगणात गेले आणि दुसरं टोक धरलं. आम्ही पिळायला लागलो. तिच्या हातांना चांगलाच जोर आहे. मध्येच ती म्हणाली, "वन्सं, काल म्हणलात ते मला ठाऊक हाय."

मी थांबले.

"लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलंतं त्यायनी. टँकर म्याच सांगितला म्हनले, नाव शकीचं घेतलं. लई रडले त्या दिवशी."

"आन् पोरांला?"

"पोरांला काय सांगावं, तवा तसंच सांगितलं. मी दर पंचमीला म्हनायची, वन्सं यायल्यात, यंदा त्यास्नी सांगून टाका. तर म्हनायचे, आता ती इसरली आसंल. कशाला आठवण करून द्यायची."

ती पिळत राहिली. पाणी फरशीवरून वाहत तुळशीकडे गेलं. माझ्या हातातलं टोक सैल पडलं तसं तिनं मान वर करून बघितलं, आणि मी पुन्हा घट्ट धरलं. वाकळ अर्धी पिळून टाकता येत नाही.

म्हणजे तुला बोलता येत होतं, अण्णा. जिला ऐकायची गरज नव्हती तिला तू रडून सांगितलंस, आणि मी दर पंचमीला समोर बसून तुझ्या ताटात धपाटे वाढत होते. इसरली आसंल! तुझ्या बोटाच्या नखाएवढी हालचाल न बघता ओळखणारी मी, आणि मी विसरले असेन हे तू ठरवून टाकलंस, कारण तुला ते सोयीचं होतं.

तुझ्यावर माया नव्हती असं नाही. ती नसती तर हा राग एवढा टिकला नसता. त्या कोठारातली दुपार मी कुणाला देणार नाही, तुलाही परत देणार नाही. पण दवाखान्यात काढलेल्या चुकीचं उत्तर माझ्याकडे राहिलंय, तेवढं घेऊन जा. वजन मागं राहिलंय म्हणालास ना? खरं आहे. मार्केट यार्डातल्या त्या ओल्या जमिनीवर राहिलंय, दस्तीचं एक टोक धरून मी उभी आहे तिथेच. तू रेकॉर्ड प्लेअर उचलायला गेलास तो गेलास, मागं वळून आलाच नाहीस.